आधी पांढरं, मग आंबट

अजमानच्या जुर्फमध्ये, फर्निचरवाल्यांच्या गल्लीमागे
आमची सरबताची फॅक्टरी.
माझं काम मोजण्याचं.
दोन हजार लिटरला तीनशे ग्रॅम,
वर चिमूटभरही नाही. बलदियाचा माणूस
कधीही येतो, बाटली उचलून नेतो.

पोत्यावर नाव सोडियम बेंझोएट.
आम्ही पांढरं म्हणतो,
थंकप्पन वेळ्ळ म्हणतो, गुलबदीन सफेदा.
तिघांच्या मिशांवर ते सारखंच बसतं.
जिभेला लागलं तर आधी गोडसर, मग तुरट,
मग जेवणापर्यंत जात नाही असं काहीतरी.

ते मारत नाही कुणाला.
हे मला इल्हामबाईंनी समजावलं,
आमच्या सुदानी केमिस्ट, चष्मा दोरीला बांधलेला.
बुरशीचा कण आत असतोच, म्हणाल्या,
हे त्याला फक्त सांगतं, वाढू नकोस,
आहेस तसा बसून राहा.
मी हसलो. त्यांना वाटलं, मला कळलं नाही.

एकोणीस वर्षं झाली.

गेल्या गुरुवारी रात्रपाळीला
नवा पोरगा, दापोलीकडचा, मुजम्मिल हमदुले,
अर्काच्या छोट्या टाकीत
त्यानं आधी सायट्रिक ओतलं, मग पांढरं.
क्रम चुकला.
आंबटात ते विरघळत नाही, फुटतं,
चकचकीत पापुद्रे होऊन सावकाश खाली उतरतं.
तो काचेला नाक लावून उभा.
"चाचा, बर्फ पडतोय."
बाहेर रात्रीचे दोन आणि अडतीस अंश,
आत डाळिंबाच्या लालात बर्फ.
आम्हा दोघांपैकी खरा कुणी पाहिलेला नव्हता.
म्हणून बघितला थोडा वेळ.
मग मी व्हॉल्व्ह उघडला,
पन्नास लिटर अर्क गटारात,
आणि नोंदवहीत चूक या रकान्यात
सही माझी केली. पोराचं प्रोबेशन चालू आहे.
तीनशे दिरहम गेले. जाऊ देत.

हर्णैला, शोकेसमध्ये,
मी नेलेल्या बाटल्या अजून रांगेत उभ्या आहेत.
आंबा, डाळिंब, पेरू, आणि एक निळी
जिचं फळ कुठलं ते मलाही माहीत नाही.
रुकय्या त्या पुसते, उघडत नाही.
कुणी मोठं माणूस आलं की, म्हणते.
मी आलो तेव्हाही नाही उघडली.
तारीख उलटून तीन वर्षं झाली,
रंग जसाच्या तसा.
"तुमच्या हातचं बघा कसं टिकलंय,"
ती शेजारणींना दाखवते.

तिचं स्वतःचं आगळ मोरीशेजारच्या फळीवर,
नुसत्या मिठावर.
वर साय धरली की चमच्यानं काढून टाकते,
खालचं कढीला घेते.
पावसाळा सरेपर्यंत बरणी रिकामी.
पुढच्या वैशाखात पुन्हा हात लाल.

बाटलीच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत,
अरबीत आणि इंग्रजीत छापलंय:
उघडल्यावर थंड जागी ठेवा,
तीन दिवसांत संपवा.
हे मी तिला कधी वाचून दाखवलं नाही.
माझी सुट्टी चाळीस दिवसांची असते.
चौथ्या दिवशी लोक विचारतात,
परत कधी?

परवा इल्हामबाईंना विचारलं,
इतकी वर्षं चव घेतोय, धूळ गिळतोय,
आत किती साठलं असेल?
काही नाही, म्हणाल्या.
यकृत त्याला कशाशी तरी बांधून देतं,
दिवसभरात लघवीवाटे बाहेर.
"देह ते ठेवून घेत नाही, भाई.
तू काय समजत होतास?"

काय समजत होतो, ते सांगता आलं नाही.

पाळी सुटल्यावर फोन केला.
म्हटलं, रुकय्या, ती निळी उघड.
पलीकडे थोडा वेळ नुसता पंखा ऐकू आला.
मग म्हणाली,
"का? कोण येतंय?"